आन्योनेतल्या त्या बाईंचे आभार

माझ्या सासूबाई अमेरिकेत वाढल्या, पण त्यांचे आजोबा इटलीतल्या मोलिझे प्रांतातल्या आन्योनेचे. त्यांच्या जन्माची नोंद पाहायला आम्ही दोघी तिथे गेलो. त्या भागात १८०९ पासूनच्या नोंदी असतात, म्हणून निर्धास्त होतो. पण घरच्या कागदावरचं १८९१ साल चुकीचं निघालं. नोंद सापडेना!

कचेरी बंद व्हायची वेळ झालेली. तरी तिथल्या बाईंनी दहा वर्षांची सूची काढली. अमेरिकेत आडनावाचा शेवटचा स्वर गळला होता, हेही त्यांनीच ओळखलं. १८८८ च्या रजिस्टरात नोंद मिळाली, खाली सासूबाईंच्या पणजोबांची सही! शाई फिकी पडलेली, सासूबाईंना नीट दिसेना. बाईंनी त्यांचं बोट अलगद धरून त्या सहीखालून फिरवलं. सासूबाईंना रडू आलं, तशी आपली खुर्ची दिली आणि शेजारी गप्प उभ्या राहिल्या.

तोवर बस गेली. बाहेर कॉफी पीत बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला त्यांच्या गाडीतून इसेर्नियाला सोडलं. पैसे घेतले नाहीतच, वर काचोकावाल्लो चीजचा मोठा तुकडा हातात ठेवला.

दोघांचीही नावं विचारायची राहिली. तुमचे दोघांचे अगदी मनापासून आभार.