नाव विचारायचं राहून गेलं…

लातूरच्या सोनोग्राफी सेंटरमधल्या मॅडम, गर्भ राहायचा पण टिकायचा नाही, आणि घरीदारी सगळे मलाच बोल लावायचे. तुम्ही थ्रीडी सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बोट ठेवून सासूबाईंना दाखवलंत, "पिशवी बाहेरून नीट आहे, आत जन्मापासूनच पडदा आहे. हिचा काय दोष?" सासूबाई गप्पच झाल्या. मग त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पडदा दुर्बिणीनं, खालच्या वाटेनंच कापला. पोटावर एक टाकाही नाही. भूल चढेपर्यंत माझा हात न सोडणाऱ्या सिस्टर, आणि परतताना एसटीत मला आडवं होता यावं म्हणून औशापर्यंत उभ्यानं आलेल्या मावशी, तुमचेही मनापासून आभार. मूल होईल तेव्हा होईल. घरातलं बोलणं थांबलं, ते मात्र मॅडम, तुमच्यामुळेच.