अमात्रिचाना रोमची नाही, अमात्रिचेची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पास्तावरचा लेख वाचला, रेसिपी सोपी करून सांगितलीय ते छानच, पण अमात्रिचानाला 'रोमचा कांदा-लसणाचा टोमॅटो पास्ता' म्हटलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

अहो, नावातच गाव आहे. अमात्रिचे! रोमच्या ईशान्येला डोंगरात आहे, 1927 पर्यंत तर ते आब्रुत्सो प्रांतात होतं, मग लात्सिओत, म्हणजे रोमच्या प्रांतात आलं. ही डिश तिथल्या मेंढपाळांची, म्हणजे ग्वांचाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस), मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज आणि सुका पास्ता, सगळं डोंगरात सोबत नेता येणारं आणि टिकणारं. टोमॅटो त्यात नव्हताच. तो मुळात अमेरिकेतून आलेला, आणि पास्त्याला टोमॅटो सॉस लावायची कृती छापील मिळते ती 1790 मधे, फ्रान्चेस्को लिओनार्दी या आचाऱ्याच्या पुस्तकात. बिनटोमॅटोचा तो पांढरा प्रकार अजून आहे, त्याला ग्रिचा म्हणतात, आणि मला विचाराल तर तोच जास्त चविष्ट लागतो.

रोममधे बरेच जण कांदा घालतात हे खरं, आणि स्पगेटीऐवजी मधे भोक असलेली बुकातिनी घेतात. पण 2020 मधे युरोपियन युनियनने पारंपरिक अमात्रिचानाची कृती नोंदवली, त्यात कांदाही नाही, लसूणही नाही.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. 2016 साली मी नोकरीमुळे रोममधे होते. 24 ऑगस्टला पहाटे 3.36 ला भूकंप झाला, आमच्या बिल्डिंगमधे पण पलंग हलला, आणि सकाळी टीव्हीवर बघतो तर अमात्रिचेचा जुना भाग सगळा जमीनदोस्त. त्या भागात मिळून तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक याच गावातली. त्याच वीकेंडला तिथे या पास्त्याचा वार्षिक उत्सव होता, पन्नासावा, त्यासाठी पाहुणे पण आलेले होते. मग इटलीभर हॉटेलवाल्यांनी अमात्रिचानाच्या प्रत्येक प्लेटमागे दोन युरो मदतीला द्यायला सुरुवात केली, एक गिऱ्हाइकाचा, एक मालकाचा. आम्ही ऑफिसातले सगळे आठवडाभर दुपारी तेच जेवलो.

ग्वांचाले इथे मिळत नसेल तर बेकन घ्या असं खुशाल लिहा, पण पुढच्या रविवारी एका ओळीत का होईना दुरुस्ती छापा आणि त्यात अमात्रिचेचं नाव येऊ द्या, एवढी विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे