पोटाखालची फट

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, रागावू नकोस. सई पाळायला गेको, म्हणजे पालीच्या कुळातला तो छोटा प्राणी, मागतेय, घ्यावा का, एवढंच तू विचारलंस. पण माझ्या गेकोची, ठिपीची, हकीकत सांगितल्याशिवाय मला त्याचं उत्तर देता येईना, आणि ती सांगायची तर निवांत बसायला हवं होतं. फोनवर तुला तुटक तुटक बरंच कळलंय. आता सलग ऐक.

ती माझ्याकडे आली ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून. आधी ज्यांच्याकडे होती, त्यांना वाटत होतं ती आळशी झालीय, नुसती पडून असते. कुणी सांभाळेल का म्हणून ते विचारत होते, मी हो म्हटलं. खोकं उघडलं तर ती कोपऱ्यात पोटावर पसरलेली. लेपर्ड गेको चालतो तो चारही पायांवर अंग उचलून. भिंतीला चिकटायच्या गाद्या त्याच्या बोटांना नसतातच, साध्या नख्या असतात. तो जमिनीवर, दगडधोंड्यांत वावरणारा प्राणी. ठिपी मात्र कोपरांवर अंग रेटत सरकत होती. पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. खालचा जबडा किंचित लोंबलेला, त्यामुळे तोंड पूर्ण मिटत नव्हतं. आणि बोटं थरथरत होती. वारा नसताना एखादंच पान हलत राहावं तशी. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

या जातीची तब्येत शेपटीवरून ओळखतात. चरबीचा सगळा साठा तिथे असतो. चांगल्या गेकोची शेपटी मानेइतकी जाड असते. हिची पेन्सिलीएवढी होती. वजन 29 ग्रॅम. पूर्ण वाढलेली मादी 50 ग्रॅमच्या पुढे हवी.

त्या रात्री मी तिला फक्त ऊब दिली आणि सकाळी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला उचललंच नाही. तळहात टेबलावर पसरून ठेवला आणि तिला त्यावर सरकत येऊ दिलं. मग बोटाच्या टोकानं खालचा जबडा हलकेच चाचपला. तो वाकला. नंदू, हाड वाकताना मी पहिल्यांदा पाहिलं. पोटात कालवलं माझ्या. एक्स-रेत हाडं कुठे संपतात आणि मांस कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सगळं एकाच करड्या धुक्यात बुडालेलं. उजव्या मांडीचं हाड कधीतरी मोडून आपोआप वेडंवाकडं जुळलेलं होतं. म्हणजे पाय मोडल्याचं दुखणं तिनं एकटीनं काढलं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

या आजाराला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. लहान मुलांच्या मुडदुसाच्याच कुळातला. डॉक्टरांनी मला तो ज्या पद्धतीनं समजावला, ती मी विसरू शकत नाही. हृदयाचा ठोका पडायला, स्नायू आकसायला, नसांमधून संदेश जायला रक्तात कॅल्शियम ठरावीक प्रमाणात लागतंच. ते खाण्यातून आलं नाही तर मानेतल्या छोट्या परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांमधून कॅल्शियम काढायला लावतात. रक्तातली पातळी अशी टिकवून धरली जाते, त्यामुळे बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. आत हाडं पोखरली जातात आणि त्यांची जागा तंतुमय ऊतक घेतं. बोटं थरथरायला लागली याचा अर्थ हाडांतूनही आता पुरेसं निघत नाही, रक्तातलीच पातळी घसरली. ठिपी आळशी नव्हती. जगण्यासाठी ती स्वतःचा सांगाडा खात होती.

आणि तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, हे मला तुला आवर्जून सांगायचंय. रोज संध्याकाळी मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, मिळत होते, पोटभर. पण मीलवर्म काय, रातकिडे काय, या किड्यांमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट जास्त. खरं तर अन्नात फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम हवं. इथे प्रमाण नेमकं उलटं. जास्तीचा फॉस्फरस आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतो, मग जे थोडंफार असतं तेही अंगी लागत नाही. म्हणून किडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यायचे असतात, आणि त्याआधी दिवसभर त्या किड्यांनाही चांगलं खायला घालायचं असतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी तिची पेटी मुद्दाम खिडकीशी ठेवली होती, ऊन मिळावं म्हणून. माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील, किरण काच जवळजवळ सगळे अडवते. ते किरण, साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे, कातडीवर पडले की तिथे ड-३ जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो. शरीराच्या उबेनं त्याचं ड-३ होतं, मग यकृतात एक बदल, मूत्रपिंडात दुसरा, आणि तेव्हा कुठे आतडं कॅल्शियम शोषून घ्यायला लागतं. यातली एक पायरी निखळली की पुढचं सगळं अडतं. ती माणसं रोज पडदा बाजूला करत होती. रोज.

उपचार सांगायला सोपे. पहिले चार दिवस दवाखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शनं, पातळ करून, सोबत कोमट सलाइन आणि वेदनाशामक. मग घरी पातळ कॅल्शियम, दिवसातून दोनदा, वजनाप्रमाणे मोजून. ड-३ डॉक्टर सांगतील तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात थरथर कमी झालेली पाहून मला वाटलं, ड-३ थोडं वाढवलं तर लवकर बरी होईल. बरं झालं आधी विचारलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं तर बाहेर टाकता येत नाही, आणि मग कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचायला लागतं. कमतरता मारते तसा अतिरेकही मारतो. त्यानंतर मी एक थेंबही अंदाजानं दिला नाही.

घरात मी तिच्यासाठी अगदी बुटकी पेटी केली. चढायला काही नाही, पडायला जागा नाही. खाली वाळू अजिबात नको, नुसता टिशू पेपर. कॅल्शियम कमी पडलेले गेको वाळू चाटून गिळतात आणि ती आतड्यात अडकते, शिवाय या आजारात आतड्याची हालचालही मंदावलेली असते. एका टोकाला 32 अंश, दुसऱ्या टोकाला 25, थर्मोस्टॅट लावून. ऊब नसेल तर अन्न पचत नाही. वर मंद यूव्हीबी नळी, आणि तिच्याखाली लपायची जागा, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते तिचं तिनं ठरवावं. ही संधिप्रकाशातली जात, तिला प्रखर दिवा सोसत नाही.

औषध पाजायचं कसं, याची मला धास्ती होती. तोंड उघडायला जबड्यावर जोर दिला तर तो मोडेल. डॉक्टरांनी युक्ती सांगितली: थेंब नाकाच्या टोकावर ठेवायचा. गेको आपलं नाक, ओठ, अगदी डोळेसुद्धा जिभेनं चाटून साफ करतो. पहिल्या दिवशी एक थेंब चाटायला ठिपीला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण समोर घड्याळ होतं. जीभ बाहेर यायची, अर्ध्यात थकायची, पापण्या मिटायच्या. (हो, या जातीला पापण्या असतात, इतर बहुतेक गेकोंना नसतात.) मग पुन्हा जीभ. माझ्या हातातली सिरिंज जड व्हायची. पण ती चाटत होती रे. जगायचं तिनं ठरवलंय असं मला तिथेच वाटलं, आणि त्यानंतर पहाटेचा गजर कधी जड गेला नाही.

किडे चावायची ताकद नव्हती म्हणून पाच आठवडे किडेखाऊ प्राण्यांसाठी मिळणाऱ्या पुडीची पेज, तीही थेंबाथेंबानं. दर रविवारी ग्रॅमच्या काट्यावर वजन. 29, 29, 30, 28. त्या 28 च्या दिवशी मी जेवलो नाही. मग 31. वही जपून ठेवलीय, दाखवीन तुला.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी जबडा पुन्हा चाचपला आणि काही न बोलता माझं बोट धरून त्यावर टेकवलं. वाकला नाही.

आता ती संध्याकाळ. मी पेटी साफ करायला बसलो होतो, डोळे कागदाच्या पातळीला आलेले. ठिपी बाहेर आली आणि पाण्याकडे निघाली. तिच्या पोटाखाली मला पलीकडचा उजेड दिसला. बारीकशी फट, तांदळाच्या दाण्याएवढी उंच असेल. ती कोपरांवर नव्हती, पायांवर होती. चार पावलं चालली आणि बसली. पण ती चार पावलं! मी तसाच जमिनीवर आडवा पडून राहिलो. बायकोला हाक मारायचंही सुचलं नाही.

आठव्या आठवड्यात तिनं पहिला रातकिडा स्वतः पकडला. आधी शेपटीचं टोक थरथरलं. क्षणभर मी घाबरलो, जुनीच थरथर परत आली असं वाटून. पण ती शिकारीची शेपूट होती. झेप घ्यायच्या आधी हे गेको शेपटी अशीच हलवतात. पहिली झेप चुकली, दुसरी लागली. तेव्हापासून पुडीत घोळवलेले किडे एकेक करून, लगेच देतो. जास्त वेळ सोडले तर रातकिडे अंग पुसून पूड झाडून टाकतात.

वाटलं, सुटलो. पण सहाव्या महिन्यात पोटाच्या पातळ कातडीतून दोन फिकट गोल दिसायला लागले. अंडी. नर नसतानाही माद्या अंडी धरतात, आणि त्यांना लागणारं कॅल्शियम पुन्हा तिच्याच अंगातून जाणार. तिनं खाणंही बंद केलं. ते तीन आठवडे मला पहिल्या रात्रीपेक्षा अवघड गेले, कारण आता गमावण्यासारखं बरंच होतं. ओलसर मॉस घातलेला डबा ठेवला, पातळ कॅल्शियम पुन्हा सुरू केलं, दर चार दिवसांनी दवाखाना. शेवटी ते गोल हळूहळू लहान होत गेले. शरीरानं ते परत शोषून घेतले. असंही होतं, हे मला तेव्हाच कळलं.

आज नऊ महिने झाले. वजन 51 ग्रॅम. नव्या एक्स-रेत हाडं पांढरी दिसतात, कडा स्वच्छ. पण नंदू, पुढचे पाय वाकडेच आहेत. मांडीचं हाड तिरकंच आहे, जबडा डावीकडे जरासा सरकलेला आहे. हाड घट्ट होतं ते ज्या आकारात असेल त्याच आकारात. सुरुवातीला मी रोज तिचे पाय सरळ झाले का बघायचो. कधी थांबलो ते आठवत नाही. वाकड्या पायांनी ती सगळीकडे जाते. कात टाकताना बोटांवरची कात अडकते, ती मी ओल्या कापसानं काढतो, आणि ती हात मागे घेत नाही.

तर सईचं. हे वाचून तू नाही म्हणशील असं मला वाटतं, पण मला तसं म्हणायचं नाहीये. हा प्राणी नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. सई तिशीत येईल तेव्हाही तो तिच्याजवळ असेल, हे तिला सांग. पेटी, दिवा आणि थर्मोस्टॅट आधी लागू दे, आठवडाभर तापमान तपासा, मगच प्राणी घरी आणा. दिवा चालू दिसला म्हणून भरवसा ठेवू नका. उजेड तसाच राहतो, पण त्यातले यूव्हीबी किरण महिन्यागणिक कमी होत जातात. नळी वर्षभरात बदलावी लागते. कॅल्शियमच्या पुडीचा डबा तिच्या हाती सोपव, पण दर आठवड्याला वहीत वजन लिहिलंय की नाही ते तू बघ. आणि जवळपास सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर आहेत का, हे गेको शोधण्याआधी शोध. ते नसतील तर थांबा.

त्याआधी दोघं इकडे या. दिवेलागणीनंतर या, दिवसा ती झोपलेली असते. सईला म्हणावं, पेटीसमोर पालथी पड, हनुवटी जमिनीला टेकव आणि वाट बघ. तिथूनच ती फट दिसते.

वहिनींना नमस्कार, सईला गोड पापा.

तुझाच,
विनय