फाटकावरची दुपार

कुडचडे, गोवा
भाद्रपद

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

चवथ छान झाली. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीची रानफळं यंदा दादाच्या मुलांनी स्वतः हिंडून आणली, त्यामुळे घरात आरतीपेक्षा त्यांचीच गडबड जास्त. विसर्जनानंतर घर कसं ओकंबोकं होतं ते तुला ठाऊक आहे. दादाची रजा अजून उरली होती, म्हणून रविवारी जेवणं आटोपून सगळेच कुळ्याच्या वाटेला लागलो. दूधसागरचा बेत नव्हता. आईला गाड्या बघायच्या होत्या. "फाटकापाशी नुसतं बसूया," एवढंच म्हणाली. उरलेल्या नेवऱ्यांचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन निघालो.

फाटकावरचे गेटमन फार भले. त्यांनी मुलांना सगळं समजावून सांगितलं. आधी स्टेशनातून फोन येतो, मग फाटक खाली, मग कुलूप, आणि तेव्हा कुठे गाडीला सिग्नल पडतो. गाडी निघून गेली तरी ते जागचे हलत नाहीत. शेवटच्या डब्याच्या पाठीवरची मोठी पिवळी फुली दिसली की गाडी पुरी गेली. ती दिसली नाही तर मधूनच तुटून डबे मागे राहिले असं समजायचं आणि लगेच कळवायचं. मग काय, पहिली पॅसेंजर आली तशी इंजिनाकडे कोणी बघेचना, दोघंही फुलीची वाट बघत उभे. दिसताच ओरडले, आणि गेटमन हसून फाटक उघडायला वळले.

आई मात्र डब्यांतली माणसं बघत होती. पॅसेंजरच्या दारात बसलेल्या एका बाईने हात हलवला, तर हिने दोन्ही हात वर केले! आणि मग ती बोलू लागली. सुधीर, यातलं बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकलं. तिची मावशी बेळगावहून सावर्ड्याला दिलेली. तेव्हा इथे पोर्तुगीज राज्य. गाडी सीमेपाशी कॅसलरॉकला थांबायची, पलीकडे कुळ्याला पुन्हा थांबायची, दोन्हीकडे ट्रंका उघडून तपासणी. मावशीच्या ट्रंकेतलं लुगडं न् लुगडं झटकून बघत म्हणे. तरी वर्षाकाठी माहेरपण व्हायचं. 1955 साली सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सीमा बंद झाली, गाड्या थांबल्या. मावशी इकडे, बहिणी तिकडे. तिची आई वारली ते तिला कितीतरी दिवसांनी समजलं. 1961 ला गोवा मुक्त झाला, गाड्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मावशी बेळगावच्या फलाटावर उतरली तेव्हा आपल्या आजीने, म्हणजे तिच्या बहिणीने, तिला चटकन ओळखलं नाही. हे सांगताना आईचा आवाज कापत होता. वहिनीने तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

पुढे मावशीनेच आपल्या भाचीला, म्हणजे आईला, इथलं स्थळ आणलं. नवी नवरी याच मार्गाने आली. तेव्हा मीटर गेज होतं, डबे अरुंद, कोळशाचं इंजिन. बोगदा आला की खिडक्या ओढून घ्यायच्या, तरी शालूवर काजळी बसलीच. रूळ रुंद झाले ते नव्वदच्या दशकात.

एवढ्यात गोवा एक्सप्रेस आली. धाकट्याने विचारलं, ही कुठे जाते? आई म्हणाली, "माझ्या माहेरी." आणि मी म्हटलं, पुढे मिरजेवरून सुधीरकाकाच्या पुण्याला आणि मग थेट दिल्लीला. कुळ्यापुढचा घाट इतका चढा आहे की 37 मीटर पुढे गेलं की गाडी 1 मीटर वर चढते. म्हणून कुळ्याला मागून जादा इंजिनं लावतात, ती कॅसलरॉकपर्यंत ढकलत नेतात. हे कळल्यावर थोरला हट्टालाच पेटला, आणि आम्ही उठून कुळ्यापर्यंत जाऊन आलो.

मधे एक कोळशाची मालगाडीही गेली. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारी. वाघिणी संपता संपेनात. या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरच्या फाटकावर लोक रात्रभर रुळांवर बसले होते, तुला आठवत असेल. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने कुळे ते कॅसलरॉक टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मला तेव्हाही बरं वाटलं होतं. पण रविवारी आईकडे बघताना प्रकर्षाने वाटलं, या मार्गावर माणसांच्या गाड्या वाढायला हव्यात. कुडचड्याच्या पोरीला बेळगावला शिकायला जाऊन दर आठवड्याला घरी येता यावं, सावर्ड्याच्या म्हाताऱ्याला मुलीकडे जायला बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यावी लागू नयेत. कोळशासाठी एवढा डोंगर फोडायची तयारी होते, मग पॅसेंजरच्या फेऱ्या का वाढू नयेत?

डिसेंबरात तू येणार आहेस ना? मुलांना घेऊन गोवा एक्सप्रेसनेच ये. येताना घाट अंधारात उतरतो, काही दिसायचं नाही. परतीचं तिकीटही त्याच गाडीचं काढ, म्हणजे दूधसागर उजेडात दिसेल. आणि डबा कुठला मिळाला ते आधी कळव. आईने बजावलंय, आपण सगळे फाटकावर जाऊ.

काकूंना आईचा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक