सात दिवसांत पोपट हातावर? आमचे चार महिने पाच मिनिटांत गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला तो 'सात दिवसांत पोपट हातावर' वाला लेख काल सकाळी चहा घेता घेता वाचला. तेव्हाच हात शिवशिवत होते, पण म्हटलं रविवार आहे, घरी माणसं जेवायला यायचीयेत, राग जरा निवू दे, उद्या लिहू. आज सोमवार. राग निवलेला नाही, उलट मधल्या काळात जे झालं त्याने वाढलाय.

लेख ज्यांनी लिहिला त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. भाषा छान आहे त्यांची. त्यांनी आयुष्यात कधी पक्षी पाळलाय का एवढीच शंका आहे.

आधी फोटोचं बोलते. लेख 'पिल्लाला माणसाळवण्याचा' आणि फोटोत पिंजऱ्यातला आपला देशी हिरवा राघू, गळ्याला काळा-गुलाबी कंठ असलेला. अहो, कंठ नराला येतो आणि तो यायला दोन-तीन वर्षं जातात, म्हणजे ते पिल्लू नाहीच. दुसरं म्हणजे हा पक्षी घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्या आजोबांच्या ओसरीवर मिठू होता, सगळ्यांच्याच असायचे, ते दिवस गेले. पण तुमच्यासारख्या पेपराने असा फोटो चार कॉलम छापावा, तेही 'घरोघरी असावा असा सोबती' अशी ओळ खाली टाकून? उद्या कोणी झाडाच्या ढोलीतनं पिल्लं काढून विकायला आणली तर घेणारा तुमचंच पान दाखवेल.

हिरवी मिरची खायला घातली की लवकर बोलतो, हे तर सोडूनच देते. पक्ष्याला मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, तो ती काकडीसारखी खातो. त्याने जीभ वळत असती तर कोल्हापुरात सगळे पोपट भाषणं देत फिरले असते.

आता मुद्दा क्रमांक ४. 'पिंजऱ्यात ठामपणे हात घाला, चावला तरी मागे घेऊ नका, गरज पडल्यास टॉवेलमधे धरून पाच मिनिटं छातीशी ठेवा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं.' हे वाक्य तुम्ही ठळक टायपात चौकटीत टाकलंयत. ते आमच्या घरी कोणी कोणी वाचलं ते सांगते.

आमच्याकडे कॉकॅटील आहे, पोपटांच्याच जातकुळीतला छोटा पक्षी. सोसायटीत सगळे त्याला कॉकटेल म्हणतात आणि ह्यांच्याकडे बघून हसतात, असो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, राखाडी अंगाचा, डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकली. नाव ढब्बू. फेब्रुवारीत आणला तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता आणि दुकानदाराने 'हँडटेम आहे काकू, खांद्यावर बसून टीव्ही बघेल' असं सांगून दिला. घरी आणून खोक्याचं झाकण उघडलं तर नागासारखा फुत्कारला. पहिले दोन दिवस पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाळीला चिकटून उभा, आम्ही खोलीत असेपर्यंत दाण्याला तोंड नाही. त्याला कोणीतरी मुठीत धरधरून विकायला काढलेला असणार, हात दिसला की अंग चोरायचा.

मग मी काय केलं, तर काहीच केलं नाही. पिंजरा भिंतीला लावला म्हणजे निदान एक बाजू त्याला सुरक्षित वाटेल, आणि रोज सकाळी तीन-चार हात लांब खुर्ची टाकून तुमचाच पेपर मोठ्याने वाचत बसले. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. खरं सांगते, तुमच्या अग्रलेखाला तुरा सपाट पडायचा आणि राशिभविष्याला जरा वर यायचा. थट्टा सोडा, पण या पक्ष्याचं सगळं त्या तुऱ्यात असतं. ताठ उभा म्हणजे दचकलाय, डोक्याला चिकटून सपाट आणि वर फुत्कार म्हणजे लांब व्हा, अर्धवट मागे झुकलेला म्हणजे ठीक चाललंय. रोज खुर्ची वीतभर पुढे. तुमच्या लेखात तुऱ्याचा 'तु' नाही.

साधारण तिसऱ्या आठवड्यात राळ्याचं कणीस आणलं, पेट शॉपवाले मिलेट स्प्रे म्हणतात ते. त्याचं लांब टोक जाळीतनं आत आणि आखूड टोक माझ्या चिमटीत. मान इतकी लांब केली त्याने, पाय मात्र होते तिथेच, म्हणजे वेळ पडली तर पळता येईल असे, आणि एक दाणा टिपून परत मागे. मी श्वास धरून बसलेली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही. मग रोज बोटभर आखूड धरायचं. असं करत करत एप्रिलमधे माझ्या बोटाला त्याची चोच लागली. चोच लागली म्हणजे चावला नाही, दाणा बोटाच्या पेरावर होता तो उचलला. नंतर पायाच्या जरा वर, पोटाला हलकेच बोट टेकवून 'ये वर' म्हणायचं, आला तर दाणा, नाही आला तर बोट मागे आणि राग नाही. मे महिन्यात पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हापासून तो बाहेर असताना हॉलचा सीलिंग फॅन बंद, भर मे महिन्यात, हे बनियनवर बसून घाम पुसतायत आणि महाराज पडद्याच्या दांडीवर. डाळ-तांदूळ मोजायच्या काट्यावर दाणे ठेवून त्याला उभं राहायला शिकवलं, ८८ ग्रॅम भरतो. एवढ्याशा जिवाला तुमचा लेख म्हणतो 'दिवसभर उपाशी ठेवा म्हणजे हातून खाईल'. मग हातून खाईल की हातात मरेल?

तर काल माझे धाकटे दीर सहकुटुंब जेवायला आले. येताना तुमची पुरवणी काखेत. श्रीखंड-पुरी झाली, मी भांडी आवरत होते, आणि बाहेरून आवाज, 'वहिनी, तुम्ही त्याला लाडावून ठेवलाय, हे बघा पेपरात काय लिहिलंय.' मी हात पुसत येईपर्यंत भाऊजींनी पिंजऱ्याचं दार उघडून बाथरूममधला टर्किश टॉवेल आत घातलेला होता. जाऊबाई मोबाईलवर शूटिंग करत होत्या. ढब्बू पिंजऱ्यात चारी बाजूंनी आपटत होता आणि भाऊजी चौकट वाचल्यासारखे म्हणत होते, 'हात मागे घ्यायचा नाही, हात मागे घ्यायचा नाही.' धरला त्यांनी. सोडला तेव्हा टॉवेलवर रक्त. पंखाचं नवीन येणारं पीस होतं, त्याच्या नळीत रक्त असतं, ते मधेच मोडलं तर नळ सुटल्यासारखं वाहतं. कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन दाबून धरलं, चार-पाच मिनिटांनी थांबलं. आणि ते दाबून धरायला मलाच त्याला मुठीत घ्यावं लागलं, ज्या हाताने चार महिने दाणे दिले त्याच हाताने. रविवार, डॉक्टर बंद. एकांनी फोन उचलला ते म्हणाले मी फक्त कुत्री-मांजरं बघतो.

भाऊजी वाईट नाहीत हो. त्यांना खरंच मदत करायची होती, आणि पेपरात छापलंय म्हणजे खरं असणार असं मानणारी ती पिढी आहे (मी पण त्यातलीच). म्हणून त्यांच्यावर ओरडले नाही, तुम्हाला लिहितेय.

तुमच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे हेही कबूल करते. चावल्यावर दर वेळी हात झटकून मागे घेतला तर तो शिकतो की चावलं की काम होतं. पण मुळात चावायची वेळ का आणायची? तुरा सपाट झाला, फुत्कारला, म्हणजे त्याने नोटीस दिली ना, तिथेच थांबायचं. नोटीस फाडून आत घुसायचं आणि मग म्हणायचं चावरा आहे!

रात्री दोनदा घाबरून फडफडला. कॉकॅटील अंधारात दचकतात, त्यासाठी झिरोचा बल्ब आम्ही लावतोच, पण कालचं फडफडणं वेगळं होतं. हे उठून हॉलमधेच सोफ्यावर झोपले, तोंडाने काही बोलले नाहीत. सकाळी मी खुर्ची पिंजऱ्यापाशी नेली तर ढब्बू मागच्या कोपऱ्यात, जाळीला चिकटून. फेब्रुवारीत होता तसाच. खुर्ची परत चार हात मागे नेली आणि आजचा पेपर वाचायला घेतला.

तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की खुलासा छापा, मुद्दा क्रमांक ४ आणि उपाशी ठेवण्याचा मुद्दा दोन्ही मागे घ्या, आणि तो आतल्या पानावर नाट्यगृहाच्या जाहिरातीखाली मुंगीच्या टायपात नको. चौकट होती, चौकटच टाका.

जाता जाता अजून एक. पुरवणी हल्ली तुम्ही गुळगुळीत कागदावर काढता आणि मधे दोन पिना मारता. पिंजऱ्याच्या ट्रेमधे घालायला तो कागद कुचकामी, ओल शोषतच नाही. साध्या कागदावर शी कशी पडलीये, पातळ आहे का, रंग बदललाय का, हे सकाळी एका नजरेत दिसतं आणि पक्षी आजारी आहे का ते आधी तिथेच कळतं. शिवाय पिना काढायचं राहिलं तर चोचीत जायची भीती. रद्दीवालाही या कागदाला नाक मुरडतो. एवढ्या चकचकीत कागदावर मजकूर तरी तपासून छापा, नाहीतर कागद साधा करा.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता.क. पत्रात भाऊजींचं नाव घातलेलं नाही. पण ते तुमचाच पेपर घेतात आणि पत्रांचं पान सगळ्यात आधी वाचतात, त्यामुळे छापणार असाल त्या दिवशी मला आधी फोन करा, म्हणजे मी त्यांचा फोन उचलणार नाही.