ऑपरेटिंग सिस्टीमची निवड ग्राहकाकडेच असावी

महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा) नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा देणे, थांबवला, तेव्हापासून ‘जुना संगणक आता भंगारात काढा’ असा सल्ला आमच्या परभणीत सर्रास ऐकू येतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक जुन्या संगणकांवर ती अधिकृतपणे बसत नाही हे खरे. पण तेवढ्याने चांगला चालता संगणक टाकाऊ ठरत नाही.

विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचे लिनक्स मिंट किंवा उबंटू हे प्रकार पेनड्राइव्हवर घेऊन, हार्डडिस्कला हात न लावता संगणक त्यावरून सुरू करता येतो. वायफाय जोडले जाते का, प्रिंटर ओळखला जातो का, जुनी वर्डची फाइल लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडते का, इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने मराठी टाइप होते का, हे तासाभरात कळते. नाही पटले तर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. आधीची विंडोज जशीच्या तशी असते.

सर्वांनी लिनक्सच घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. मोंढ्यातल्या ज्या अडत्याचा सारा हिशेब टॅलीवर आहे, किंवा ज्या मुद्रकाच्या लग्नपत्रिका पेजमेकर आणि श्री-लिपीवर तयार होतात, त्याने विंडोजच ठेवावी. त्याला लिनक्सचा आग्रह करणे म्हणजे ऐन हंगामात त्याचा धंदा अडवणे होय. ज्याला मॅकची मांडणी आवडते आणि किंमत झेपते, त्याने निव्वळ आवडीखातर मॅक घेतला तरी त्यात वावगे काहीच नाही, कारण दिवसभर ज्याच्यासमोर बसायचे ते मनाला रुचणे हाही निवडीचा रास्त निकष आहे.

खटकते ते हे, की ग्राहकाला कोणी विचारतच नाही. काही दुकानांत विंडोजची बिनपरवाना प्रत टाकून संगणक हाती दिला जातो आणि महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांतही बहुधा दुसरे काही पाहायला मिळत नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षांपासून लिनक्ससारख्या मुक्त (कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरवर संगणक शिकत आहेत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही तयार केली आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी निदान काही संगणकांवर लिनक्स बसवावे आणि विक्रेत्यांनी किंमत सांगण्याआधी ग्राहकाला त्याचे काम विचारावे, ही विनंती.

आपला,
एक संगणक शिक्षक, परभणी