सेल्फ फिरतोय, पण गाडी उठत नाही

विनिपेग, कॅनडा,
१९ जानेवारी

तीर्थरूप आण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी फोन मध्येच तुटला तो मोबाईल थंडीनं बंद पडला म्हणून. दुसरं काही झालं नव्हतं. उणे २९ होतं. मी पार्किंगमध्ये, घराच्या दारापासून चाळीस पावलांवर होतो. कानटोपी होती, हातमोजे होते. आई, पिंकी म्हणाली तू रात्री जेवली नाहीस. असं करू नकोस गं.

आण्णा, तुम्ही विचारलंत की गाडी रिकामी असताना लांबून चालू करायची गरजच काय. नीट सांगतो. इथं बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबत असते. पार्किंगमध्ये खांबाला प्लग असतात, रात्री गाडी तिथं लावून ठेवायची. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये हीटर असतो, तो कूलंट कोमट ठेवतो. नाहीतर ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि सेल्फला इंजिन फिरवणं जड जातं. आणि सकाळी घरातूनच रिमोट दाबायचा. गाडी आपली आपण चालू होते, काचेवरचा बर्फ सुटतो, सीटवर बसण्याइतकी ऊब येते. ही चैन नाही, इथं सगळेच करतात. बंद गॅरेजमध्ये मात्र कधीच करायचं नसतं, धुरातला विषारी वायू साठतो. माझी गाडी उघड्यावर असते, तेव्हा तीही काळजी नको.

चार दिवस रिमोट दाबला की दिवे लुकलुकायचे आणि गाडी गप्प. मी पुन्हा पुन्हा दाबत राहिलो, ते चुकलं. मंगळवारी किल्ली फिरवली तर नुसती टकटक. तेव्हाच तुम्हाला फोन लावला. इथले सकाळचे साडेसहा, तुमचे संध्याकाळचे सहा. तुमचा पहिला प्रश्न, "सेल्फ फिरतोय का नुसता वाजतोय?" त्या एका प्रश्नानं अर्धं काम झालं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं साचलं होतं, तुम्ही म्हणालात तसंच. बॅटरी ११.८ व्होल्ट दाखवत होती, भरलेली १२.६ असायला हवी. शिवाय एवढ्या थंडीत चांगल्या बॅटरीचीही ताकद निम्म्यावर येते. तुम्ही धक्का मारायला सांगितलंत, पण ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्क्यानं उठत नाही. शेजाऱ्यांनी गाडी आणून जंपर केबल लावली. काळ्या केबलचं शेवटचं टोक मी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलं, बॅटरीला नाही. शिकवलेलं विसरलो नाही.

सेल्फ जोरात फिरला, इंजिन उठलं आणि दोन सेकंदांत बंद. तीन वेळा तसंच. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत होतं. ही चोरीविरुद्धची व्यवस्था. किल्लीत चिप असते, ती ओळखली नाही तर गाडी इंजिन बंद पाडते. रिमोटवाल्या यंत्राबरोबर एक छोटी पेटी असते, ती गाडीला सांगते की किल्ली आत आहे. बॅटरी उतरल्यावर ती पेटीच बिघडली आणि खऱ्या किल्लीच्याही आड येऊ लागली.

गाडी ओढून गॅरेजला नेली. तिथला फिटर पंजाबी आहे, वयानं तुमच्याएवढा. त्यानं रिमोटचं कनेक्शन सोडवलं आणि गाडी किल्लीवर पहिल्या सेल्फला उठली. मूळ दोष वेगळाच निघाला. बॉनेटखाली एक छोटा स्विच असतो. बॉनेट उघडं असेल तर रिमोटनं गाडी चालू होऊ नये, आत कुणाचा हात असायचा म्हणून. रस्त्यावरच्या मिठानं तो गंजला होता, म्हणून यंत्राला वाटायचं बॉनेट उघडंच आहे. तो स्विच पाहिला आणि तुमचं डाव्या हाताचं बोट आठवलं. ते फॅनमध्ये गेलं तेव्हा मी सहावीत होतो, शेडच्या दारात उभा होतो. बराच वेळ गॅरेजमध्येच बसून राहिलो, फिटरनं चहा दिला.

आता नवी बॅटरी आहे, गाडी रोज चालू होते. रिमोट तूर्त बंदच ठेवलाय. सकाळी दहा मिनिटं आधी खाली उतरतो, इतकंच.

खर्च झाला, त्यामुळे या महिन्याला पंधरा हजार कमी आलेत. पुढच्या महिन्यात भरून काढतो. पिंकीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावलेला नाही, गडहिंग्लजच्या पाहुण्यांना निर्धास्त होकार कळवा. साखरपुड्याला मला येता येत नाही. रजा एकदाच मिळते, ती लग्नाला ठेवली आहे. पिंकीला मीच सांगतो, तुम्ही सांगू नका. आई, माझ्या स्थळाचं लग्नानंतर बघू, तोवर मावशीला थांबव. अंबाबाईला माझ्या नावानं ओटी भर.

आण्णा, उद्यमनगरातली शेड भाड्यानं द्यायची म्हणता. गुडघे दुखतात तर द्या, माझ्यासाठी अडवून ठेवू नका. मी कधी येणार हे मला आज सांगता येत नाही, आणि ते लिहिताना हात थांबतो. फक्त पान्यांची पेटी त्या माणसाला देऊ नका. घरी आणून माळ्यावर ठेवा.

तुमचा,
बाळू